नंदगडकरांचा काळा लेप

१४ नोव्हेंबर १९११

मोठी कामं बहुधा गैरसोयीच्या जागी सुरू होतात, म्हणून या जागेबद्दल मी तक्रार करणार नाही. सुप्याहून कुणंगकडे जाणाऱ्या वाटेवर, काळी नदीच्या अलीकडे, शेठचा हा लाकूडतळ आहे. सभोवार सागवान, बांबू आणि जळवा. दीडशे माणसं तोडणीला आणि ओंडक्यांच्या ओढणीला आहेत. त्यांच्या हातापायांना जे काही होईल ते बघायला शेठनं दवाखाना काढला आहे. दवाखाना म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत औषधं आणि मी, मागच्या खोलीत चूल आणि आमची सावित्री.

बेळगावात मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हातात कात्री दिली. इथे कात्री माझ्याच हातात आहे. पहिल्याच दिवशी मजुरांनी मला 'दागतर' म्हणून हाक मारली. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. उच्चार चुकीचा आहे, पण भावना बरोबर आहे.

ही वही एका निबंधासाठी आहे. त्याचं नाव ठरलं आहे: 'हाताच्या जखमा व नंदगडकर लेप'. मजकूर यथावकाश होईल. लेप माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला आहे. राळ, टर्पेंटाइन आणि भरपूर कारबॉलिक. रंग काळा. जखमेत दाबून भरायचा, वर पट्टी घट्ट आवळायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती झटक्यात ओढून काढायची. लेपाला चिकटून जखमेतले मऊ लाल दाणे निघून येतात. ती घाण. ती रोज निघत गेली पाहिजे.

जानेवारीत बेळगावहून डॉक्टर तेलंग तपासणीला येणार आहेत. शेठच्या पाचही तळांवरचे दवाखाने त्यांच्या देखरेखीखाली आहेत. त्यांना लेप पटला की तो पाचही तळांवर जाईल, आणि तळ पाच आहेत म्हणून कीर्ती तिथेच थांबेल असं नाही.

२३ नोव्हेंबर

नऊ दिवसांत हाताच्या सात जखमा आल्या. कोयता, कुऱ्हाड, फुटलेला बांबू. सातही जणांना लेप लावला. पैकी चौघे पहिल्या दिवशी ओरडून गेले ते परत आलेच नाहीत. आज कामावर दिसले. चौघांचेही हात बरे झाले आहेत. एका वेळच्या लेपाचा हा प्रभाव!

उरलेले तिघे न चुकता रोज येतात. त्यांच्या जखमा अजून ओल्या आहेत, पूही भरपूर आहे. म्हणजे घाण बाहेर पडते आहे. हाही लेपाचाच प्रभाव.

जेवताना हे सावित्रीला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या तिघांनाही एकदाच लावायचा होता."

तिला मी शास्त्र समजावून सांगितलं. ती ताक घुसळत होती, त्यामुळे किती ऐकू गेलं कोण जाणे. अलीकडे मजुरांच्या बायका ताक मागायला मागच्या दारी येतात. मागाहून त्यांचे नवरेही येतात. ताकाचं एवढं वेड मी कुठे पाहिलं नाही. घरातलं मीठही वाजवीपेक्षा लवकर संपतं आहे.

४ डिसेंबर

आज खरी केस आली.

ओढणीवरच्या म्हादूची बायको गिरजा. चाळिशीची असेल, कुणबीण. रेडे ओंडका ओढत असताना त्याखाली लाकडाचे गोल दांडे सारायचं तिचं काम. साखळदंड एकदम ताणला गेला आणि तिचा उजवा हात साखळी आणि ओंडका यांच्यामध्ये सापडला. हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापासून सोललेली. मधली दोन बोटं पुढून फाटलेली, एकाचं नख गेलेलं. हाड मोडलेलं नाही. बोटं हलव म्हटल्यावर तिनं हलवली, आणि मग खाली बसली.

लेप पुरेना म्हणून नवा घोटला. भरताना तिनं तोंडातून आवाज काढला नाही. म्हादू मात्र बाहेर जाऊन रडला.

"दागतर, तिचा हात ऱ्हाईल न्हवं?" त्यानं विचारलं. "भातलावणी तीच करती. चटया, सुपं बी तीच विणती. माझ्या हातानं न्हाई जमत."

मी म्हणालो, "माझ्याकडे आला आहेस ना?"

त्याचा चेहरा काही उजळला नाही. या लोकांना धीर घेता येत नाही.

६ डिसेंबर

गिरजेची पट्टी काढली. तिला धरायला दोघे लागले. लाल दाणे भरपूर निघाले, रक्तही. कडेची कातडी पांढरी पडली आहे. लेप खोलवर पोचल्याची ही खूण असावी. पट्टी आणखी घट्ट बांधली.

मी रोग्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही, फक्त हाताकडे बघतो. तोंड बघितलं की मन मऊ होतं आणि पट्टी सैल बसते. शिवाय परक्या बाईच्या तोंडाकडे बघणं सभ्यपणाचं नाही. गिरजेला वाटेत भेटलो तर मी ओळखणार नाही. तिचा हात मात्र शंभरांत ओळखीन.

९ डिसेंबर

हाताला वास येतो आहे. मधल्या दोन बोटांची टोकं काळसर दिसली, पण लेपही काळाच, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. खूप विचार केला. दोन्ही बोटं मुळातून काढणं हा एकच मार्ग दिसतो. बेळगावात असं काम मी तीनदा पाहिलं आहे. एकदा तर बरंच जवळून.

डॉक्टर तेलंगांच्या दप्तरात 'शस्त्रक्रिया' असा रकाना असतो. आजवर कुठल्याही तळावरच्या कंपाउंडरनं तो भरलेला नाही. हा विचार माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकाचा होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

म्हादूला सांगितलं, सोमवारी सकाळी. तो म्हणाला, "दागतर, दोन बोटं गेल्यावर तिनं रोप कशात धरायचं?"

मी म्हणालो, "उरलेल्या तिनांत."

सावित्री दारात उभी होती. तिनं गिरजेकडे पाहिलं, गिरजेनं तिच्याकडे. मग सावित्री आत गेली.

११ डिसेंबर

शस्त्रांची पेटी उघडून बसलो. करवत पुसली. म्हादूला साडेआठला बोलावलं होतं. दहा वाजता तो एकटाच आला.

"ती न्हाई," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"गेली."

"कुठे?"

"म्हाईत न्हाई, दागतर. बायकांचं काय सांगावं?" आणि तो रेड्यांना पाणी दाखवायला निघून गेला. बायको पळालेल्या माणसाची चाल अशी हलकी नसते. पण हे लोकच वेगळे.

बाजारकुणंगला तिचं माहेर आहे असं कळलं. जंगलचा गार्ड त्या बाजूला चालला होता, त्याच्याकडे निरोप दिला. डॉक्टर तेलंगांना पत्र लिहिलं: 'दोन बोटं काढणार होतो, रोगी अज्ञानामुळे फरार. एव्हाना बोटं गेली असणार, कदाचित पंजाही.' माझ्यावर बोल नको.

१२ डिसेंबर

दिल्लीत आज बादशहांचा दरबार आहे म्हणून शेठनं तळाला सुट्टी दिली आणि साखर वाटली. दवाखान्यात कोणी आलं नाही.

सावित्रीनं कामाला एक बाई ठेवली आहे. मागच्या ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडत बसलेली असते. पदर नाकापर्यंत, उजवा हात पदराखाली, डाव्या हातानं निवडते. डावरी असेल. नीट कामाची नसावी, कारण मूठभर तांदळाला तिला तास लागतो. पण सावित्रीला सोबत हवी होती, म्हणून मी मन मोठं केलं.

१४ डिसेंबर

गार्ड परत आला. बाजारकुणंगला गिरजा नाही. हे चमत्कारिक आहे. अशा हातानं बाई जंगलातून जाणार किती लांब?

ओसरीवरच्या बाईला विचारलं, "तू इकडचीच ना? म्हादूची गिरजा कुठे पाहिलीस?"

"न्हाई बा," ती पदराआडून म्हणाली. "मेली आसंल."

"मेलेलीच बरी," मी म्हणालो. "तो हात बरा होण्यासारखा नव्हता."

"व्हय का?" ती म्हणाली. आत सावित्रीच्या हातून भांडं पडलं.

१८ डिसेंबर

घरातल्या तक्रारी एकदा लिहून टाकतो म्हणजे डोकं मोकळं होईल. (१) गेल्या महिन्यात आणलेली मधाची बाटली संपली. दुसरी आली, तीही निम्मी झाली. मी मध खात नाही. (२) चुलीवर सतत पाण्याचं भांडं उकळत असतं. (३) सावित्रीचं मऊ धुवट लुगडं दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, "जुनं झालं होतं." (४) त्या ओसरीवरच्या बाईचा उजवा हात आज पदराबाहेर होता, आणि त्याला माझ्या दवाखान्यातल्यापेक्षा स्वच्छ पट्टी होती. "काय झालं?" म्हणून विचारलं. सावित्री म्हणाली, "भाजलंय." मी म्हणालो, लेप लावून देतो. ती बाई तांदळाचं सूप टाकून परसात पळाली.

लाजाळू असतात.

त्या तीन जुन्या रोग्यांपैकी दोघे आता येत नाहीत. आज कामावर दिसले. हात बरे. लेप उशिरा का होईना, काम करतोच. तिसरा न चुकता येतो. त्याची जखम तशीच आहे.

२० डिसेंबर

अपघात. शस्त्रांची पेटी सागवानी आहे आणि तिचं झाकण आठ शेर तरी असेल. ते निसटून माझ्या उजव्या तर्जनीवर पडलं. टोक चेचलं, नख उभं फाटलं. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला आहे.

एका अर्थी बरंच झालं. आपला लेप आपल्यावर! निबंधात हे प्रकरण वाचून वाचक थक्क होतील. लगेच लेप घेतला आणि भरला.

पुढचं उद्या लिहितो.

२१ डिसेंबर

काल जो आवाज झाला तो माझा नव्हता असं सावित्रीनं मजुरांना सांगितलं म्हणे. ते बरं केलं.

लेपाबद्दल एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात आली. मजुरांची कातडी जाड असते, त्यांना पूर्ण मात्रा चालते. बुद्धीचं काम करणाऱ्याला कारबॉलिक थोडं कमी लागत असावं. निबंधात तळटीप द्यावी. आज पट्टी ओढायची होती. सकाळी ओढणार होतो, मग म्हटलं दुपारी. दुपारी म्हटलं, एका रोग्यापुरता हा नियम शिथिल करून पाहणं हाही प्रयोगच आहे.

ठणका खांद्यापर्यंत जातो.

२४ डिसेंबर

हे सांगतात आणि मी लिहिते. माझं अक्षर वाईट आहे हेही लिहायला सांगितलं आहे. 'ताप किंचित आहे. बोट सुजून लिंबाएवढं झालं आहे. लेपाचा प्रभाव जाणवतो आहे. वाचकांनी घाबरू नये.' वाचक कोण ते मला ठाऊक नाही.

आता त्यांना झोप लागली. अर्धं पान मोकळं आहे, म्हणून माझं लिहिते.

ताप किंचित नाही. अंग भाजतंय. दुपारी बरळत होते, "कापू नका, मी सांगतो, कापायची गरज नसते." असं दहा वेळा म्हणाले. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

मी गिरजेला आत बोलावलं. तिला म्हटलं, "अक्का, मनगट धरा." तिचा हात आता धरण्याजोगा झाला आहे. कोमट मिठाच्या पाण्यात बोट ठेवलं आणि लेप आपणहून सुटेपर्यंत थांबलो. ओढायचं नाही, घाई करायची नाही. ते एवढे ओरडले की म्हादूच्या रेड्यानं दावं तोडलं. गिरजा म्हणाली, "दागतर, मला ओरडाया तुमी दिलं न्हाई. तुमी ओरडा, सावकाश ओरडा." ती रागानं म्हणाली नाही.

फाटक्या नखाखाली पू होता. तो वाट काढून जाऊ दिला, धुतलं, मध लावला, वर उकळून वाळवलेला कपडा, सैल. हात उशीवर उंच ठेवला.

हे मी कुठे शिकले असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. माझ्या आत्याचा हात उसाच्या चरकात सापडला होता. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. खानापूरचे म्हातारे वैद्य रोज येऊन सांगायचे आणि मी करायची. ते म्हणायचे, पोरी, जखमेतले लाल दाणे म्हणजे उगवतं मांस. पेरलेलं रोज उपटून बघितलं तर शेत पिकेल का? आणि कातडी धरली की बोटं रोज थोडी हलवायची, नाहीतर हात बरा होतो आणि लाकूड होऊन बसतो. म्हणून गिरजा तांदूळ निवडते. पहिल्या आठवड्यात डाव्या हातानं, आता उजव्या. काल तिनं चिमटीत एक एक दाणा धरून अख्खं सूप निवडलं, आणि मग सूप बाजूला ठेवून आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो.

मागच्या दारी आलेले आतापर्यंत अकरा झाले. त्यांना चोरून यावं लागलं याचं मला वाईट वाटतं. मी चोरून केलं याचं वाटत नाही.

वाचतील तर वाचोत.

३० डिसेंबर

डाव्या हातानं. ताप गेला. वाचलं.

३१ डिसेंबर

पुन्हा वाचलं. ती ताकाची गोष्ट तर मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली आहे.

२ जानेवारी १९१२

मागच्या ओसरीवर गेलो. गिरजा बसली होती. तिनं पदर ओढला नाही. मी म्हणालो, "हात दाखव." तिनं माझ्याकडे न देता सावित्रीकडे पाहिलं. सावित्रीनं मान हलवल्यावर दिला.

पाठीवर नवी कातडी आली आहे. पातळ, गुलाबी, लसणाच्या आतल्या सालीसारखी. मध्ये रुपयाएवढी जागा ओली आहे, तिच्याभोवती लाल दाणे. दोन्ही बोटं जागेवर. गेलेल्या नखाच्या मुळाशी पांढरी कोर दिसते. तिनं मूठ मिटली. पूर्ण मिटत नाही, पण माझा अंगठा तिनं धरला तो मला सोडवता आला नाही.

"माझा लेप लागायचा तेव्हा कसं वाटायचं?" मी विचारलं.

"रागावू नगा, दागतर. इस्त्यात हात घातल्यावानी."

"मग पाच दिवस कशाला आलीस?"

"तुमी दागतर," ती म्हणाली. "तुमाला म्हाईत न्हाई, ह्ये आमाला कसं कळावं?"

तिच्या तोंडाकडे मी आज पहिल्यांदा पाहिलं. एक पुढचा दात नाही. डोळे बारीक, हसरे.

दुपारी मी तिसरा रोगी, तो रोज न चुकता येणारा नागू, मागच्या दारानं आत पाठवला. पुढचं दार उघडं होतं. तरी मागच्याच दारानं पाठवला. हे का केलं ते नीट सांगता येत नाही.

५ जानेवारी

शेठचा माणूस आला होता. डॉक्टर तेलंग सोमवारी येणार. शेठ खूश आहे. माझ्या लेपाबद्दल त्याला मीच डिसेंबरात चार पत्रं लिहिली होती. त्यानं पाचही तळांसाठी लेपाचे डबे भरायला सांगितले आहेत. तेलंगांची सही झाली की डबे निघतील.

चार पत्रं. एक पुरलं असतं.

सावित्रीला सांगितलं. ती म्हणाली, "पाच तळ म्हणजे किती हात?"

मी म्हणालो, "माणसं सातशे."

"मी माणसं नाही विचारली," ती म्हणाली.

आज दिवसभर निबंध पुन्हा वाचला. भाषा उत्तम आहे. भाषेला कुठे नाव ठेवायला जागा नाही.

८ जानेवारी

डॉक्टर तेलंग आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे. निबंध त्यांनी उभ्या उभ्या चाळला आणि टेबलावर ठेवून त्यावर टोपी ठेवली.

"ती फरार बाई," ते म्हणाले. "तिचं काय झालं?"

तेवढ्यात गिरजा मागच्या खोलीतून आपण होऊन पुढे आली आणि त्यांच्यासमोर हात धरला. बाहेर म्हादू आणि पाचसहा मजूर कुडाला डोळे लावून होते.

तेलंगांनी चष्मा बदलला. हात उजेडाकडे नेला, बोटं एक एक वाकवून पाहिली, नवी कातडी नखानं हलकेच दाबली.

"यातली दोन बोटं तुम्ही काढणार होता?"

"हो."

"आणि ही लेपानं बरी झाली?" त्यांनी विचारलं. शेठचा माणूस डब्यांचा कागद सहीसाठी पुढे करून उभा होता.

मी सरळ लिहितो. 'हो' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या बोटाकडे गेली. सैल, पांढरी, स्वच्छ पट्टी. काळा रंग कुठेच नाही. ते म्हणाले, "आणि तुमच्या बोटाला कोणता लेप?"

गिरजा माझ्याकडे बघत होती. ती काहीच बोलली नसती, हे मला कळत होतं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मान हलवली असती, कारण मी दागतर.

"मिठाचं पाणी," मी म्हणालो. "आणि मध. तिलाही तेच. लेप पाच दिवस लावला होता, त्यानं हात नासला."

शेठच्या माणसानं कागद मागे घेतला.

"हे कोणी केलं?"

"घरच्यांनी."

"घरच्यांना नाव असेल ना?"

लग्नाला चौदा वर्षं झाली. चारचौघांत तिचं नाव घ्यायची वेळ उखाण्यानंतर आली नव्हती. "सावित्री," मी म्हणालो. बाहेर कुडापाशी कोणीतरी हसलं.

तेलंगांनी तिला बोलावलं. ती हात पुसत आली. त्यांनी तिला नागूची पट्टी समोर बदलायला सांगितली. तिनं आधी हात धुतले, मग पाणी आणलं. पट्टी भिजून सुटेपर्यंत आम्ही सगळे बघत उभे होतो, तेलंगसुद्धा. मधेच मी म्हणालो, "आता मध." ती म्हणाली, "अजून नाही."

जाताना तेलंगांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "नंदगडकर, तुम्ही खरं बोललात ते फार उशिरा बोललात, पण सहीच्या आधी बोललात." एवढंच. निबंध ते टेबलावरच विसरले. मी तो टांग्यापर्यंत नेऊन दिला, तर म्हणाले, "राहू द्या, पाठकोरा आहे, कामाला येईल."

२९ जानेवारी

तेलंगांचं पत्र. पाचही तळांवर जखमा धुण्याबांधण्याची नवी रीत लागू झाली आहे. मजकूर सावित्रीनं सांगितला तोच, शब्दही तिचेच. या दवाखान्यात ते काम सौ. सावित्रीबाई नंदगडकर करतील. नंदगडकर कंपाउंडर यांनी नोंदवही ठेवावी, पाणी उकळलेलं असल्याची खात्री करावी, आणि हाताला कात्री लावू नये.

म्हणजे मला देखरेखीच्या जागी बढती मिळाली आहे. माझ्या अनुभवाचा उपयोग पाचही तळांना व्हावा अशी त्यांची इच्छा दिसते. चुकांचाही अनुभवच असतो. हे वाक्य मी सावित्रीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाणी उकळलं का बघा."

उकळलं होतं.

काळ्या लेपाचे डबे परसात रचले आहेत. म्हादू येऊन विचारून गेला, होडीच्या फटी बुजवायला चालतील का. मी म्हणालो, ने.

३ फेब्रुवारी

आज सकाळी नोंदवही उघडून बसलो होतो. गणेशगुडीच्या बाजूचा एक जण आला. नाव झिलू. बांबू चिरताना तळहात फाटलेला, वर पानं बांधलेली, रक्त कोपरापर्यंत. माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "बाई हायत न्हवं?"

दोन महिन्यांपूर्वी मी त्याला आधी बसवून चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या मला आजही आठवत होत्या. पण त्याचं रक्त वहीवर पडायला लागलं होतं.

"आहेत," मी म्हणालो. "बस. हात उंच धर."

उठून मधल्या दारापाशी गेलो. ती चुलीपुढे पाठमोरी होती. रोजच्यासारखं 'अगं' ओठावर आलं होतं. मागे झिलू उभा होता, त्याच्यामागे त्याची बायको, आणि ओसरीवरून गिरजा मान वळवून बघत होती.

"अहो सावित्रीबाई," मी म्हणालो, "जखम आली आहे."

ती वळली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग उकळलेल्या पाण्याचं भांडं उचलून तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला."